परराष्ट्र धोरण आमच्या मुलांचा विषय का नसावा?

१४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर. हे दिवस जवळ आले की आमच्या प्राध्यापकांना बोलावणी येऊ लागतात. आरक्षणावर बोला, संविधानावर बोला, जातिअंतावर बोला. बोलावलेच पाहिजे आणि बोललेही पाहिजे. पण वर्षाच्या उरलेल्या दिवसांचे काय? देशाच्या संरक्षणावर चर्चासत्र भरते, चीनच्या सीमेवर परिसंवाद होतो, दूरचित्रवाणीवर अमेरिका-जपान-भारत या विषयावर तास तास खल चालतो, तेव्हा त्या खुर्च्यांवर कोण बसलेले असते? निवृत्त सेनाधिकारी, निवृत्त राजदूत आणि दिल्लीतल्या ठरावीक संस्थांमधले ठरावीक आडनावांचे अभ्यासक. जणू देशाच्या सीमा यांच्याच सातबाऱ्यावर आहेत!

हे आज लिहिण्याला कारण आहे. घनसावंगी तालुक्यातली एक मुलगी जात पडताळणीच्या कागदांसाठी माझ्याकडे येत होती. आई-वडील ऊसतोडीला जाणारे. पोरीने राज्यशास्त्रात एम.ए. केले, नेट पास झाली. पीएच.डी.चा विषय काय, असे विचारले तर म्हणाली, "जपानचे सुरक्षा धोरण." गावच्या विहारातल्या वडीलधाऱ्या माणसांना ते पटलेले नव्हते. जपानशी आपला काय संबंध, समाजाला त्याचा काय उपयोग, बाबासाहेबांवर कर, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा हेतू वाईट नाही. पण ती जे बोलली ते मला विसरता येत नाही. म्हणाली, "काका, बाबासाहेबांनी तरी कुठे आपल्या समाजावर पीएच.डी. केली होती? त्यांनी प्रांतांच्या तिजोरीवर केली, रुपयावर केली."

खरेच आहे. कोलंबियात ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्था, लंडनमध्ये रुपयाचा प्रश्न. त्या काळात एका महाराच्या मुलाने साम्राज्याच्या हिशेबाच्या वह्या उघडून बसावे, हीच केवढी मोठी गोष्ट होती! आज त्याच बापाच्या लेकरांना आपण सांगतो की तुम्ही फक्त आपल्या वस्तीबद्दल लिहा. प्रस्थापित विद्यापीठे आम्हाला त्याच कप्प्यात ठेवू पाहतात, हे आपण ओळखून आहोत. मग त्या कप्प्याचे दार आपणच आतून का लावून घ्यायचे?

आता 'जपानशी आपला काय संबंध' या प्रश्नाकडे वळू. त्याआधी एक साधी गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आंतरराष्ट्रीय सुरक्षा म्हणजे एक राष्ट्र दुसऱ्या राष्ट्राची भीती कशी मोजते, आणि त्या भीतीपोटी तिसऱ्याशी हातमिळवणी कशी करते, याचा अभ्यास. हातमिळवणी म्हणजे युती, आघाडी, करार. हा विषय दिल्ली-टोकियोचाच आहे असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या जिल्ह्यातल्या असईला एकदा जाऊन यावे.

३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला. यशवंतराव होळकराने पुण्याजवळ त्याचा पराभव केला होता, गादी धोक्यात होती, म्हणून पेशव्याने कंपनीची तैनाती फौज पत्करली. फौजेच्या खर्चापोटी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला आणि इतर सत्तांशी तह किंवा लढाई करायची तर कंपनीला विचारून, असे लिहून दिले. सही झाली कोकणात. रक्त सांडले आपल्या भोकरदन-जाफ्राबादच्या भागात. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला आर्थर वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. हाच वेलस्ली पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि वॉटर्लूला नेपोलियनला भिडला. युती ज्याने केली तो असईत नव्हता. जे मेले त्यांना वसईच्या कागदावर काय लिहिले आहे ते कुणी वाचून दाखवलेले नव्हते. आंतरराष्ट्रीय करारांचा स्वभाव समजून घ्यायला यापेक्षा वेगळा धडा कशाला हवा?

दुसरा धडा १९४८ चा. तेव्हा जालना हा हैदराबाद संस्थानातल्या औरंगाबाद जिल्ह्याचा तालुका होता. जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. संस्थान भारतात येईना, रझाकारांचा उच्छाद चालू होता, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार नेली. १३ सप्टेंबरला पोलीस कारवाई सुरू झाली, १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये परिषद त्या तक्रारीवर बसली आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. काही दिवसांतच त्याने तक्रार मागे घेतली, तरीही 'हैदराबादचा प्रश्न' पुढे कितीतरी वर्षे परिषदेच्या यादीत पडून राहिला. म्हणजे परतूर, अंबड, मंठ्याच्या शेतात राबणारे आपले आजे-पणजे एके काळी सुरक्षा परिषदेच्या टेबलावरचा विषय होते! बाबासाहेबांनी १९४७ सालीच जाहीर निवेदन काढून संस्थानातल्या अस्पृश्यांना बजावले होते की निजामाच्या किंवा इत्तेहादच्या बाजूला जाऊ नका. हा समाजसुधारकाचा उपदेश नव्हता. सत्तेचे पारडे कुठे झुकणार याचा तो राजकीय अंदाज होता.

बाबासाहेब हे सुरक्षा या विषयाचे अभ्यासक होते, हे आपल्याकडेही पुरेसे बोलले जात नाही. १९४० चा पाकिस्तानवरचा त्यांचा ग्रंथ काढून बघा. फाळणीमुळे संरक्षण दुबळे होईल का, यावर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. सरहद्दी, साधनसंपत्ती आणि सैन्य अशी तीन अंगे घेऊन ते चालतात, सैन्यात कोणत्या प्रांताचे नि कोणत्या समाजाचे किती लोक आहेत याचे तक्ते मांडतात. भावनेला हात घालत नाहीत. आज ज्याला विद्यापीठात 'सामरिक अभ्यास' म्हणतात तो हाच. जुलै १९४१ मध्ये ते संरक्षण सल्लागार समितीवर गेले, १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. मार्च १९४२ मध्ये जपानी फौजांनी रंगून घेतले. शत्रू दाराशी आला असताना राज्यव्यवस्था मोडायला निघणे हे बाबासाहेबांना अविचाराचे वाटत होते. त्यासाठी त्यांना तेव्हाही शिव्या बसल्या, आजही बसतात. पण जपानी लष्करशाही आशियात काय करीत आहे याचा हिशेब त्यांच्यापाशी होता. 'आशियाई आशियाईंसाठी' ही जपानची घोषणा ऐकून हुरळून जाणाऱ्यांपैकी ते नव्हते.

यापुढची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिलासाठी दिला, एवढेच आपण सांगत आलो. त्यांचे निवेदन पूर्ण वाचा. मंत्रिमंडळाच्या परराष्ट्र व्यवहार समितीवर आपल्याला घेतले नाही, संरक्षण समितीवर घेतले नाही, ही तक्रार त्यांनी त्यात नोंदवली आहे. परराष्ट्र धोरण हे राजीनाम्याचे एक स्वतंत्र कारण म्हणून मांडले आहे. देशाच्या ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी लष्करावर जातात आणि याचे मूळ चुकीच्या परराष्ट्र धोरणात आहे, कारण संकटात मदतीला येईल असा मित्रच आपण ठेवला नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. घटनेच्या शिल्पकाराला कायदा खाते दिले आणि जगाच्या प्रश्नापासून बाहेर ठेवले! पुढे जगजीवनराम संरक्षणमंत्री झाले, १९७१ चे युद्ध त्यांच्या कारकिर्दीत जिंकले, हे मी विसरलेलो नाही. पण मंत्री होणे वेगळे आणि विषयावर अधिकारवाणीने बोलणाऱ्यांची फळी तयार होणे वेगळे.

२६ ऑगस्ट १९५४ रोजी बाबासाहेब राज्यसभेत आंतरराष्ट्रीय परिस्थितीवर बोलले. अमेरिकेच्या पुढाकाराने आग्नेय आशियात 'सीटो' ही संरक्षण संघटना उभी राहत होती, मनिलाचा करार पुढच्याच महिन्यात झाला. नेहरूंचा तिला विरोध. बाबासाहेब म्हणाले, नुसता तिटकारा कामाचा नाही, ही संघटना आक्रमणासाठी आहे की आक्रमण रोखण्यासाठी, ते तपासा. चीनला ल्हासा घेऊ देऊन आपणच त्याची सीमा आपल्या दारात आणली, हेही त्यांनी सांगितले. राजकारणात पंचशील चालत नाही, असे बोलणारा हा माणूस दोन वर्षांनी स्वतः पंचशील ग्रहण करणार होता! धम्मातले शील आणि कराराच्या मसुद्यात घुसवलेले शील यांतला फरक त्यांना नेमका कळत होता. १९६२ मध्ये काय झाले ते सांगायला नको. सीटोबद्दल ते बरोबर होते की नाही, यावर मतभेद होऊ शकतात. माझे स्वतःचे मत असे की सीटोत जाऊन भारताच्या पदरी फार काही पडले नसते. ती संघटना १९७७ मध्ये मोडीत निघाली. पण प्रश्न त्यांनी योग्य विचारला होता.

तो प्रश्न पुढे युतीच्या अभ्यासाचा गाभाच ठरला. ग्लेन स्नायडर नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने १९८४ मध्ये त्याची मांडणी केली. युतीतल्या दुबळ्या भिडूला दोन भीती असतात. एक, वेळ आली की बलवान मित्र आपल्याला वाऱ्यावर सोडील. दुसरी, मित्राच्या भांडणात आपण फुकट ओढले जाऊ. एक भीती कमी करायला जावे तर दुसरी वाढते. गावकीच्या राजकारणात पाटलाच्या पॅनलमध्ये उभ्या राहिलेल्या आमच्या उमेदवाराला हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. रिपब्लिकन पक्षाच्या युत्यांचा इतिहास तर यावरचे अख्खे पाठ्यपुस्तक आहे, पण तो विषय आज नको.

आणि या दोन भीतींचे जगातले सर्वात ठसठशीत उदाहरण कोणते? जपान.

१९४५ मध्ये हरलेल्या जपानला नवी राज्यघटना मिळाली. ती ३ मे १९४७ रोजी अमलात आली. तिच्या नवव्या कलमाने जपानने युद्धाचा हक्कच सोडून दिला. मग संरक्षण कोण करणार? ८ सप्टेंबर १९५१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत शांतता करार झाला आणि त्याच दिवशी अमेरिकेशी सुरक्षा करारही झाला. अमेरिकी तळ जपानच्या भूमीवर राहिले. १९६० मध्ये या कराराचे नूतनीकरण झाले तेव्हा लाखो जपानी नागरिक रस्त्यावर उतरले, पंतप्रधान किशी यांना पायउतार व्हावे लागले. कोरियात, व्हिएतनाममध्ये आपण ओढले जाऊ, ही तेव्हाची भीती होती. आता चीन बलाढ्य झाल्यावर अमेरिका सोडून देईल, ही भीती आहे. म्हणून जुलै २०१४ मध्ये जपानी मंत्रिमंडळाने नवव्या कलमाचा अर्थ बदलला, २०१५ मध्ये त्यावर कायदे केले आणि डिसेंबर २०२२ मध्ये संरक्षण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांपर्यंत नेण्याचे धोरण स्वीकारले. कलमाचा शब्दही न बदलता घटना कशी बदलता येते, याचा हा वस्तुपाठ आहे. आपल्याकडे संविधानाच्या रक्षणाच्या गोष्टी करणाऱ्यांनी हा अभ्यासायचा नाही तर कुणी?

आणि जपानच्या घटनेशी आपला संबंध नाही असे कोण म्हणतो? कलम २१ घ्या. 'कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीखेरीज' कुणाचे जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावता येणार नाही. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने हा शब्दप्रयोग स्वीकारताना आधार दिला होता तो जपानी घटनेच्या कलम ३१ चा. त्यामुळे 'यथोचित प्रक्रिया' हा अमेरिकी शब्द गळाला, त्यावर घटना समितीत मोठा वाद झाला आणि ती उणीव थोडी भरून काढावी म्हणून बाबासाहेबांनी अटकेतल्या माणसाच्या हक्कांचे कलम पुढे आणले, ते आजचे कलम २२. पोलिसांनी उचललेल्या आमच्या पोराला चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करा, असे मी कोर्टात ओरडून सांगतो तेव्हा त्या वाक्याच्या मागे कुठेतरी टोकियो आहे. वकिली करताना हे आम्हाला कुणी शिकवले नाही.

भारत सॅन फ्रान्सिस्कोला गेला नाही. जून १९५२ मध्ये आपण जपानशी वेगळा करार केला आणि युद्धाची भरपाई सोडून दिली. जपानने परतफेड केली ती पैशाच्या रूपाने. त्याचे पहिले येन कर्ज १९५८ मध्ये भारताला मिळाले. लष्कर वापरता येत नाही, म्हणून कर्ज आणि मदत हेच जपानच्या परराष्ट्र धोरणाचे हत्यार झाले. १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचणी झाली तेव्हा त्याने नवे कर्ज थांबवले आणि चीनची भीती वाढली तशी थैली पुन्हा मोकळी केली. अजिंठा-वेरूळच्या संवर्धनाला आणि तिकडच्या पर्यटन सुविधांना जपानी कर्जाचा पैसा लागला आहे. भोकरदनहून अजिंठा किती लांब? दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यात जपान भागीदार, त्यातले शेंद्रा तर आपल्या जालना रस्त्यावरच. जुलै २०२४ मध्ये टोयोटाने छत्रपती संभाजीनगरला मोटारींच्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. ऑगस्ट २०२५ मध्ये टोकियोत दोन्ही पंतप्रधानांनी सुरक्षा सहकार्याचे नवे संयुक्त घोषणापत्र काढले आणि पाच वर्षांत भारतातून ५० हजार कुशल माणसे जपानला पाठवण्याचे लक्ष्य ठेवले. त्या ५० हजारांत जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये भट्टीसमोर उभा राहणारा आमचा पोरगा असेल का, आणि तिथे गेल्यावर त्याचे कामगार म्हणून हक्क काय असतील? हा प्रश्न मसुद्याच्या वेळी विचारणारे तिथे कोण होते?

कारण आपल्या देशात परराष्ट्र करार संसदेसमोर मंजुरीसाठी ठेवण्याची सक्ती नाही. करार सरकार करते. कलम २५३ खाली त्याच्या अंमलबजावणीचा कायदा करायचा असेल तेव्हाच तो संसदेपुढे येतो. सप्टेंबर २०२० मध्ये भारत-जपान सैन्यदलांनी एकमेकांना रसद पुरवण्याचा करार झाला. आमच्यापैकी किती जणांनी तो वाचला? निवडून दिलेले खासदार जिथे पोचत नाहीत तिथे पोचतो तो अभ्यासक. मसुद्याआधीच्या बैठकीत, सल्लागार मंडळात, वर्तमानपत्राच्या लेखात.

आता सर्वात दुखरी गोष्ट. जपानमध्येही 'आपले' लोक आहेत. बुराकू म्हणतात त्यांना. कातडे कमावणारे, मेलेली जनावरे ओढणारे, वेगळ्या वस्त्यांत ठेवलेले. १८७१ च्या फर्मानाने कागदावर मुक्त झाले, व्यवहारात नाही. ३ मार्च १९२२ रोजी क्योतोत त्यांनी 'सुइहेइशा' ही संघटना स्थापन केली, आपल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या दोन वर्षे आधी. त्यांचे नेते जिइचिरो मात्सुमोतो १९४७ मध्ये संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे उपाध्यक्ष झाले. आणि तरीही १९७५ मध्ये उघडकीला आले की बुराकू वस्त्यांच्या नावांची यादी छापून विकली जाते आणि दोनशेहून अधिक कंपन्यांनी ती घेतली आहे, नोकरी देताना माणूस ओळखण्यासाठी. आडनाव विचारून गाव विचारणारे लोक तिकडेही आहेत! डिसेंबर २०१६ मध्ये त्यांच्यासाठी भेदभाव निर्मूलनाचा कायदा करावा लागला.

वंशभेदाविरुद्धच्या १९६५ च्या आंतरराष्ट्रीय करारात 'जन्माधारित कूळ' या अर्थाचा शब्द आहे. तो शब्द घालावा ही सूचना भारताचीच होती. पण जातीचा प्रश्न जिनिव्हात निघाला तेव्हा भारत सरकार म्हणाले, या शब्दात जात येत नाही. आणि जपान सरकार काय म्हणाले? या शब्दात बुराकू येत नाहीत. दोन वेगळे देश, दोन वेगळी सरकारे, एकच पळवाट! २००१ मध्ये डर्बनला जागतिक परिषद झाली, आपले कार्यकर्ते तिथे गेले, सरकारने 'हा आमचा अंतर्गत मामला' म्हणून दार लावले. पण ऑगस्ट २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीने स्पष्ट केले की या शब्दात जातीसारख्या वंशपरंपरागत भेदभावाचा समावेश होतो. ती लढाई बुराकू आणि दलित संघटनांनी खांद्याला खांदा लावून लढली. क्वाडमध्ये भारत-जपान एकत्र आहेत हे सगळ्यांना ठाऊक. जिनिव्हातही ते एकाच बाजूला उभे होते, हे मराठीत कुणी लिहिले? जपानी वाचणारा एक तरी आंबेडकरी अभ्यासक आपल्याकडे असता तर त्यांच्या संसदेत यावर काय बोलले गेले ते आपल्याला घरबसल्या कळले असते. जपानी संसदेच्या १९४७ पासूनच्या चर्चा सगळ्यांना शोधता येतात. भाषा मात्र यावी लागते.

तरीही मी त्या मुलीला असे म्हणालो नाही की तू बुराकूंवरच कर. तिला अमेरिका-जपान करारावर करायचे आहे, तर तिने त्यावरच करावे. क्षेपणास्त्रांवर करावे, सागरी मार्गांवर करावे. आमच्या माणसाने प्रत्येक विषयात आपली जखम शोधून दाखवलीच पाहिजे, ही सक्ती उच्चवर्णीय संशोधकावर कुणी करत नाही.

ही वाट नवी नाही. केरळातल्या उझवूरच्या दलित कुटुंबातले के. आर. नारायणन टाटांच्या शिष्यवृत्तीवर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. त्याच संस्थेत एका पिढीआधी बाबासाहेब शिकले होते. १९४९ मध्ये ते परराष्ट्र सेवेत आले, टोकियोच्या दूतावासात काम केले, १९७६ मध्ये राजदूत म्हणून चीनला गेले, जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९९७ मध्ये राष्ट्रपती. आपल्या महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाच्या संरक्षण व सामरिकशास्त्र विभागात अध्यापन केलेले डॉ. विजय खरे यांनी बाबासाहेब आणि भारताची राष्ट्रीय सुरक्षा या विषयावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. वाट आहे. चालणारे थोडे आहेत.

अडचणी ठाऊक नसल्यासारखे मी बोलणार नाही. आमच्या तालुक्यांतल्या महाविद्यालयांत आंतरराष्ट्रीय संबंधांचा पेपर गाइडवर पार पडतो. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या, तासिका तत्त्वावर राबणारे नेट-सेट झालेले तरुण चाळिशीला आले. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे, जपानी भाषेला किमान तीन. पोरगी तिशीत जाईल, घरी लग्नाचा तगादा लागेल. जेआरएफ मिळाली तर महिन्याला ३७ हजार, नाही तर ऊस आहेच. परदेशी शिक्षणासाठी केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे, राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. २०२२ मध्ये केंद्राने आपल्या शिष्यवृत्तीत एक अट घातली : भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतातील सामाजिक अभ्यास हे विषय परदेशात शिकायला पैसे मिळणार नाहीत. म्हणजे दलित विद्यार्थ्याने बाहेर जाऊन जातीवर लिहू नये, एवढाच त्याचा अर्थ. ही अट अन्यायाची आहे आणि तिच्याविरुद्ध लढलेच पाहिजे. पण गंमत बघा. ज्यांनी जातीचे दार बंद केले त्यांना जपानच्या सुरक्षा धोरणाचे दार बंद करण्याचे सुचलेले नाही. आम्ही त्या दारातून येऊ असे त्यांच्या स्वप्नातही नसावे!

तेव्हा जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी. एम.ए.च्या पहिल्याच वर्षी नेटची तयारी धरा आणि जपानी भाषेची सुरुवातही तेव्हाच करा. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला विद्यापीठाचे परकीय भाषांचे वर्ग आहेत. परीक्षा एन-५ पासून एन-१ पर्यंत चढत जातात, संशोधनाला किमान एन-२ गाठा. पीएच.डी.साठी दिल्लीत नेहरू विद्यापीठाचे पूर्व आशिया अध्ययन केंद्र आणि दिल्ली विद्यापीठाचा पूर्व आशिया विभाग, दोन्हीकडे अर्ज करा. जपान सरकारची 'मेक्स्ट' ही संशोधन शिष्यवृत्ती ३५ वर्षांच्या आतल्यांसाठी असते, तिचे अर्ज साधारण एप्रिल-मेमध्ये निघतात. जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्रे शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, तहसीलमध्ये त्याच दिवसांत सगळी गर्दी उसळते. हे कागद मी जिल्हा न्यायालयात संध्याकाळी पाचनंतर करून देतो, फी लागत नाही. येताना दोन फोटो आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या तीन साक्षांकित प्रती आणा.